सोळा इंच, मार्जिन धरून

२ ऑक्टोबर
आजपासून रोजनिशी. एक ऐतिहासिक घटना घडते आहे आणि तिची नोंद ठेवायची अक्कल घरात दुसऱ्या कुणाला नाही. या महिन्यात बाईसाहेब रस्त्यावर येणार.

(म्हातारपणी मीच वाचायला घेईन तेव्हा गोंधळ नको. बाईसाहेब म्हणजे माझी गाडी, बायको नव्हे. बायकोची या नावाला हरकत आहे. तिचं म्हणणं, घरात राबणारी बाई एक, आणि साहेब म्हणायचं ते विटांवर बसलेल्या डब्याला.)

डबा म्हणो. गाडी माझ्याहून वयाने मोठी आहे. ज्या बंगल्यात मी पहिल्यांदा पडदे टांगायला गेलो, त्या बंगल्याच्या मालकांची. खांद्यावर पडद्याचा दांडा घेऊन पोर्चमधून चाललो होतो, तर मालक गॅलरीतून ओरडले, ए, दांडा लागेल गाडीला, लांबून जा. लांबून गेलो. पुढे स्वतःचं दुकान काढलं, दांडे स्वतःचे झाले, आणि चार वर्षांपूर्वी मालकांच्या मुलाने गाडी विकायला काढली तेव्हा पहिला मीच जाऊन उभा राहिलो. आता तिच्याजवळून हवं तितक्या जवळून जातो.

मुद्दा असा. मुलगी फिजिओथेरपिस्ट झाली. तिला आमच्या गाडीच्या शेडमध्ये क्लिनिक काढायचं आहे. रस्त्यालगत, पायरी नाही, गुडघेदुखीवाल्यांना सोयीचं. १ नोव्हेंबरला तिची मशिनं येणार. बायको म्हणाली, अहो, चार माणसं बोलवा आणि ढकलून काढा ना बाहेर. म्हटलं, बाईसाहेब ढकलत जाणार नाहीत. स्वतःच्या इंजिनावर, स्वतःच्या चाकांवर, हॉर्न वाजवत जातील. मुलीला तसा शब्द दिला. ती म्हणाली, बरं बाबा.

त्या 'बरं बाबा'त केवढा विश्वास होता! माझे कान तयार आहेत. गिऱ्हाईक 'बघून सांगते' म्हणालं की ते परत येणार की नाही, हे मी नुसत्या आवाजावरून सांगतो.

इंजिन चालतं. ब्रेक लागतात. राहिले फक्त टायर. किरकोळ काम. एक आठवडा.

५ ऑक्टोबर
जुन्या टायरांची पाहणी केली. सुकलेत, भेगा पडल्यात. पुढच्या डाव्यावर लिहिलंय ५.६०-१५. उजव्यावर ५.९०-१५. मागच्या एकावर १६५-१५. चौथा टक्कल पडल्यासारखा गुळगुळीत. आधीच्या मालकांनी मिळेल तो चढवलेला दिसतो. आणि दुसऱ्याला सांगायचे, लांबून जा.

तीन टायर, तीन आकडे. म्हणजे छापील आकड्यांवर विसंबण्यात अर्थ नाही. बायको चहा घेऊन आली होती. तिने चष्मा न लावता वाचलं आणि म्हणाली, पंधरा तर सगळ्यांवर आहे की हो. तिला समजावलं, टेक्निकल बाबतीत असे योगायोग होतात.

मी स्वतः मोजणार. आयुष्य गेलं मोजण्यात.

६ ऑक्टोबर, सकाळी
मोजलं. चाकाची लोखंडी रिम, या कडेपासून त्या कडेपर्यंत : सोळा इंच, वर दोन सूत, म्हणजे पाव इंच. दोनदा मोजलं. टेप माझी स्वतःची, दुकानातली. तिने आजवर एकाही खिडकीचा अपमान केलेला नाही.

तर टायर हवा सोळा इंची. दोन सूत ही मार्जिन. रबर आहे, ताणलं जाईल, गच्च बसेल. उशीचा अभ्राही असाच बसवतात.

संध्याकाळी
चौकातल्या टायरवाल्याकडे गेलो. याला मी होयबा म्हणतो, कारण प्रश्न कोणताही असो, उत्तर 'हो' असतं. सोळा इंची मिळेल का? हो साहेब. माझ्या गाडीला बसेल ना? हो साहेब. गाडी कोणती ते विचारलंच नाहीस? हो साहेब, तुम्ही म्हणता म्हणजे बसेलच. अशी माणसं धंद्यात हवीत. उगीच वाद नाही.

८ ऑक्टोबर
जुन्या गाड्यांच्या क्लबच्या सेक्रेटरींना फोन केला. म्हटलं, माझा साइझ ठरलेला आहे, तुम्हाला फक्त कळवतोय. त्यांनी भराभर प्रश्न विचारले. क्रॉसप्लाय की रेडियल? ट्यूबवाला की ट्यूबलेस? प्रोफाइल काय? म्हटलं, डावीकडून जास्त छान दिसते. पलीकडे बराच वेळ शांतता. आदर असावा.

मग म्हणाले, रिम कडेवर मोजायची नसते. कडेला वर आलेला काठ असतो, टायर त्याच्या आत, खाली बसतो. तिथलं माप धरतात. कडेला सोळा भरत असेल तर टायर पंधराचा.

मनुष्य सज्जन आहे, पण पुस्तकी. हातात कधी टेप धरलेली दिसत नाही. खिडकीचं माप काचेचं घेत बसलो असतो तर आज मी कुठे असतो?

९ ऑक्टोबर
मुलीने विचारलं, बाबा, काही मदत? म्हटलं, तू तुझी गुडघ्यांची पुस्तकं वाच. ती म्हणाली, बरं बाबा. पुन्हा तोच विश्वास.

१३ ऑक्टोबर
टायर आले!

दिसायला अंमळ आडदांड आहेत. मोठमोठे खोबणीदार ठोकळे. चिखलातून जाणाऱ्या जीपला असतात तसे. होयबाला विचारलं, हे जीपचे तर नव्हेत? म्हणाला, हो साहेब. म्हटलं, पण माझ्या गाडीला शोभतील? म्हणाला, हो साहेब, भारदस्त दिसतील. तेवढं मात्र खरं.

दुपारी
टायर रिमवर ठेवला. तो रिमवरून सरळ खाली गेला आणि जमिनीवर बसला. मनगटाला मोठी झालेली बांगडी कोपरापर्यंत जावी, तसा. उचलून पुन्हा ठेवला. पुन्हा गेला. बायको दारात उभी होती. काही बोलली नाही. न बोलण्याची तिची एक पद्धत आहे, ती मी इथे लिहीत नाही.

१४ ऑक्टोबर
विचार केला. माप चुकलेलं नाही. लोखंड आकसलेलं आहे. इतकी वर्षं वापराविना पडलं की आकसायचंच. बायकोला हे शास्त्रीय कारण सांगितलं. ती म्हणाली, अहो, मग आकसलेल्याला पंधराचा आणा ना. बायकांना प्रत्येक गोष्टीत हार मानायची घाई.

टायर मोठा झाला तर काय करायचं? कापड मोठं झालं तर काय करतो? आत पट्टी लावतो.

एवढं सोपं आहे.

१६ ऑक्टोबर
जाड निवारपट्टी आणली. चार पदरी करून दुकानातल्या मोठ्या मशीनवर शिवून घेतली. शिवताना कारागीर एकमेकांकडे बघत होते. कौतुकाने. रिमला पट्टी गुंडाळली, कडेला सुबक टीप मारली, वर टायर चढवला. बसला! तसूभर हलत नाही! असलं डोकं इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत नाहीत. सेक्रेटरींना फोटो पाठवला. त्यांनी उत्तरादाखल फक्त प्रश्नचिन्ह पाठवलं. पेटंट घेतलंय का, असं विचारायचं असणार.

उद्या हवा भरणार.

१७ ऑक्टोबर
हवा भरली.

शेजारच्या रिटायर्ड जज्जसाहेबांना वाटलं, ट्रान्सफॉर्मर उडाला. ते बनियनवर बाहेर आले. समोरच्या घरातला कुत्रा अजून पलंगाखाली आहे. निवारपट्टीचा एक तुकडा शेडच्या छताला चिकटला आहे, दुसरा सापडलेला नाही. मला लागलं नाही. ट्यूबचा दर्जा अत्यंत खराब. होयबाला खडसावलं, ट्यूब निकृष्ट होती! म्हणाला, हो साहेब.

मुलीने माझे दोन्ही खांदे, मान आणि कान तपासले. मग म्हणाली, बाबा, पुन्हा असं करू नका, प्लीज. आवाज कापत होता. थंडी पडायला लागली आहे.

१८ ऑक्टोबर
कान शाबूत आहेत याचा पुरावा. दुपारी पडल्या पडल्या मायलेकींचं स्वयंपाकघरातलं बोलणं शब्दन् शब्द ऐकलं. मुलगी सांगत होती, खोली मोठी आहे, उजेड छान आहे, मुख्य म्हणजे लिफ्ट आहे. बायको विचारत होती, मामा काय म्हणाला? मुलगी म्हणाली, मामा म्हणाला, घेऊन टाक, विचार करू नकोस.

मेव्हणा बहुतेक फ्लॅट बदलतोय. मला न विचारता. पैसे मागत नाही, तोपर्यंत ठीक आहे.

२० ऑक्टोबर
पंधराचा निर्णय घेतला. माघार म्हणून नव्हे. कंपनीने मुळात गाडी चुकीच्या मापाची काढली आहे, ती चूक मी मोठ्या मनाने पदरात घेतो आहे.

प्रश्न रुंदीचा. जुना टायर रुंदीला साडेपाच इंच. साडेपाच! एवढ्या थोरल्या गाडीखाली सायकलच्या चाकासारखं चिपाड. हे बघून मला नव्या बिऱ्हाडकरूंचे पडदे आठवतात. खिडकीएवढंच कापड आणायचं आणि ताणून लावायचं. चूण नाही, घेर नाही, घराला शोभा नाही. पडद्याला कापड नेहमी दीडपट. दीडपट घेतलं की चुण्या पडतात, मग खोली बोलायला लागते.

साडेपाचाच्या दीडपट म्हणजे सव्वाआठ. होयबाने त्याच्या भाषेत, मिलिमीटरमध्ये, सांगितलं, दोनशे पाच. घेऊ का? हो साहेब. जागा पुरेल? हो साहेब. तू एकदा गाडी बघून जातोस का? हो साहेब. आला नाही. मनुष्य कामात असतो.

सेक्रेटरींनी आपण होऊन मेसेज केला. एकशे पंचावन्न किंवा एकशे पासष्ट घ्या, रुंद घेतलात तर वळताना मडगार्डला घासेल, शिवाय स्टिअरिंग जड होईल. जड! मी कापडाचे गठ्ठे उचललेले हात आहेत. त्यांना कळवलं, धन्यवाद, घेराशिवाय शोभा नाही.

२४ ऑक्टोबर
चारही टायर चढले. होयबाकडे रिम नेल्या, त्याने मशीनवर बसवून दिल्या. टायर दोन्ही बाजूंनी रिमच्या बाहेर फुगून आलेत. अगदी चूण! विटा काढल्या. बाईसाहेब चार वर्षांनी जमिनीवर उभ्या. बायकोला बोलावून आणलं. ती म्हणाली, गाडीला गालगुंड झालंय का हो?

उद्घाटन परवा. हॉर्न तपासला. वाजतो. जज्जसाहेबांनी खिडकी लावून घेतली.

२६ ऑक्टोबर, सकाळी ८
इस्त्रीचा सदरा. दाढी. मुलीला हॉस्पिटलच्या ड्युटीवर उशिरा जायला सांगितलं आहे, तिने बघावं म्हणून.

सकाळी ११
इंजिन पहिल्या चावीला सुरू. शेडमधून बाहेर आलो, सरळ, झोकात. शेड ते गेट उतार, उतारावरून राजेशाही चालीने. हात हलवला. गेटात रस्त्याकडे वळण्यासाठी स्टिअरिंग डावीकडे घेतलं.

घेतलं ते घेतलं. टायर मडगार्डात जाऊन बसला. आता स्टिअरिंग डावीकडे जात नाही, उजवीकडे येत नाही. रिव्हर्स टाकला तर जळक्या रबराचा वास आला आणि इंजिन बंद. गाडी बरोब्बर गेटाच्या तोंडात, तिरकी.

मुलीने घड्याळ पाहिलं. म्हणाली, बाबा, मी जाऊ का? जागाच नव्हती. शेवटी मागचं एक दार उघडून आत शिरली, सीटवरून सरकत पलीकडे गेली, दुसऱ्या दाराने रस्त्यावर उतरली. जाता जाता म्हणाली, सीट मात्र मऊ आहे हं बाबा.

म्हणजे तिला गाडी आवडली.

२७ ऑक्टोबर
घरातले सगळे आता गाडीतून ये-जा करतात. बायको भाजीच्या पिशव्यांसकट गेली. दूधवाला डाव्या खिडकीतून पिशवी देतो, मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून घेतो. जज्जसाहेबांनी विचारलं, हे किती दिवस? म्हटलं, ट्रायल चालू आहे.

एका दृष्टीने गाडी रोज वापरात आली. हे शेडमध्ये शक्य नव्हतं.

२९ ऑक्टोबर
सेक्रेटरी स्वतः येऊन गेले. खाली वाकून बराच वेळ पाहत होते. म्हणाले, दोन मार्ग. हवा सोडून, जॅक लावून चाकं काढा आणि बारीक टायर घाला. तसे टायर मागवून यायला तीन आठवडे. नाहीतर मडगार्डची आतली कड कापा, तासाभरात गाडी मोकळी.

मडगार्ड कापा! चार पिढ्यांचा दागिना वितळवा म्हणतात तसं.

त्यांना विचारलं, चाकं काढून नुसतं ओढून बाजूला? म्हणाले, चालेल की. मग म्हटलं, नको, ओढणं म्हणजे ढकलण्याचाच प्रकार झाला. त्यांनी रुमालाने हात पुसले. मग मागच्या दाराने आत शिरून पलीकडे उतरून गेले.

३० ऑक्टोबर
परवा मशिनांचा टेम्पो येणार. गेट बंद. बायकोला म्हटलं, काळजी नको, मी आहे. ती म्हणाली, तेच तर.

नवल असं, की मायलेकी दोघीही शांत. एरवी नळ गळला तर घर डोक्यावर घेतात. मी त्यांना इतका धीर दिला आहे, त्याचा हा परिणाम.

३१ ऑक्टोबर
निश्चय. उद्या टेम्पो गल्लीत दिसला की मडगार्ड कापायचं. बंगल्याचे मालक काय म्हणायचं ते म्हणोत. पोरीच्या धंद्याचा पहिला दिवस आहे. माझ्या पहिल्या दिवशी माझ्या पाठीशी कुणी नव्हतं.

करवत आणली. धार चांगली आहे.

मुलीला अजून सांगितलेलं नाही. उद्या प्रत्यक्ष बघेल.

१ नोव्हेंबर, सकाळी ७
गेटपाशी खुर्ची टाकून बसलो आहे. करवत मांडीवर. जज्जसाहेब फिरायला निघाले होते, माझ्याकडे बघून परत आत गेले.

सकाळी १०
टेम्पो नाही.

दुपारी
टेम्पो नाही. ट्रॅफिक असेल. करवत एकदा मडगार्डला टेकवून पाहिली. नुसती टेकवली. ओरखडा उठला. सदऱ्याच्या बाहीने पुसला. पण कापणार.

दुपारी ३
बायको गॅलरीतून म्हणाली, कुणाची वाट बघताय? म्हटलं, मशिनांची. म्हणाली, ती काल लागली. कुठे? मेडिकलच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. माझ्या भावाच्या ओळखीची जागा आहे.

कधी ठरलं?

तुमची ती निवार उडाली ना, तेव्हा.

मला का नाही सांगितलं? बायको खाली आली. तिने माझ्या मांडीवरची करवत काढून घेतली. म्हणाली, मी सांगणार होते, पण पोरगी म्हणाली, नको आई, बाबांना वाटू दे.

काय वाटू दे?

तेवढंच म्हणाली हो. वाटू दे.

संध्याकाळी
म्हणजे शेडची आता घाई नाही. गाडी पुन्हा आत घेता येईल. टायर सावकाश मागवता येतील. एकशे पंचावन्न की पासष्ट, शांतपणे विचार करून ठरवता येईल. कोणतंही दडपण नाही. सगळं माझ्या मनासारखं झालं.

जेवलो नाही. दुपारचं जड झालं होतं.

३ नोव्हेंबर
विशेष काही नाही.

५ नोव्हेंबर
क्लिनिकला जाऊन आलो. आधी गाडीतून बाहेर, मग टॅक्सी. लिफ्ट आहे. खोली मोठी, उजेड खरंच छान. मेव्हणा दारातच उभा होता, जणू त्यानेच फिजिओथेरपी शोधून काढली. मी त्याच्याशी नीट बोललो.

तीन बेड. मध्ये पडदे.

पडदे रेडिमेड. प्लास्टिकच्या कड्या, पातळ कापड, घडीच्या रेघा तशाच. हात आपोआप खालच्या टिपेकडे गेला. एकेरी दुमड. एका धुण्यात सुटेल. मुलीला विचारलं, हे कुठून? म्हणाली, ऑनलाइन बाबा, दोन दिवसांत आले. मी म्हणालो, मला सांगायचंस. त्यावर ती म्हणाली, तुम्ही गाडीत होतात ना. टोमणा नव्हता. माझे कान तयार आहेत, टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात एक बाई पाठ धरून आल्या. मुलीने त्यांना बेडवर घेतलं आणि पडदा ओढला. मी बाहेर राहिलो. मुलगी आत किती शांतपणे बोलते. इथे दुखतं का, इथे? श्वास सोडा. छान. कुठे शिकली एवढं सगळं?

मग बाईंनी विचारलं, बाहेर उभे आहेत ते कोण हो?

माझे बाबा, ती म्हणाली. त्यांचं पडद्यांचं दुकान आहे.

हो का, बाई म्हणाल्या. पडदा खालून वीतभर आखूड होता. माझे बूट आतून दिसत असणार.